माझ्याच अक्षरातले सहा मुद्दे

बारा वर्षं मी आमच्या बाजाराच्या दुकानदार संघाचा अध्यक्ष होतो आणि बारा वर्षं माझ्याविरुद्ध कुणी उभं राहिलं नाही. याचा अर्थ मी लोकप्रिय आहे, असा मी लावला. धंद्याने शिंपी, पण स्वतःचं माप तेवढं कधी घेतलं नव्हतं.

उमेदवार एकच असला तरी मतपेटी ठेवायची, अशी आमच्याकडे पद्धत. सभासद चौसष्ट. गेल्या खेपेला मतं पडली नऊ, त्यातलं एक माझं. बायकोचंसुद्धा नाही. शेजारच्या गाळ्यात तिचं बटणं-लेसचं दुकान आहे, ती स्वतः सभासद आहे, पण "तुम्हीच येणार ना? मग गिऱ्हाईक टाकून कशाला येऊ?" म्हणत ती लेस मोजत बसली. मी लोकांच्या उदासीनतेवर अर्धा तास भाषण ठोकलं. ऐकायला सातजण होते.

यंदा पालिकेचं पत्र आलं. निम्म्या सभासदांनी मत दिलं नाही, तर निवडणूक रद्द आणि बाहेरचा प्रशासक. खुर्ची जाणार, संघाच्या खोलीची किल्ली जाणार, आणि "काय अध्यक्ष!" ही हाकही जाणार. त्या हाकेची मला फार सवय झाली होती.

मग डोकं चाललं. लढत नाही म्हणून लोक येत नाहीत ना? लावून देऊ लढत! समोरच्या घड्याळवाल्याला गाठलं. डोळ्याला भिंग लावून दिवसभर मान खाली घालून बसणारा माणूस. घड्याळ का बंद पडलं हे सांगायचंही त्याच्या जिवावर येई. हरायला याच्यापेक्षा लायक उमेदवार मिळणं कठीण होतं.

"पण मी बोलू काय?" त्याने विचारलं.

"माझ्यावर टीका करा."

"तुमच्यावर? मला तर काही सुचत नाही हो."

मी विरघळलो. त्याच तारेत कागद ओढला आणि माझ्याविरुद्धचे मुद्दे मीच लिहून दिले. नळ तीन वर्षं गळतोय. चपलांच्या दुकानावरचा पत्रा फाटलाय. मागच्या बोळातला दिवा बंद आहे. सभा वेळेवर सुरू होत नाही. तक्रारवही कपाटात कुलूपबंद असते. जरा मीठमसाला हवा म्हणून सहावा टाकला: अध्यक्ष सगळ्यांना 'बघतो' म्हणतात आणि कुणाचंच ऐकून घेत नाहीत. वर, उमेदवार उमेदवारासारखा दिसावा म्हणून त्याला कोट शिवून दिला. बसलाही झकास.

घड्याळवाल्याने भाषण केलंच नाही. तो कागद घेऊन तो दुकानोदुकानी गेला. कागद पुढे ठेवायचा आणि विचारायचा, "यात अजून काही?" लोकांनी मागची बाजूसुद्धा भरून टाकली.

मतदानाला रांग लागली! मी दारात उभा राहून एकेकाचं हसून स्वागत करत होतो. एकसष्ट मतं पडली. त्रेचाळीस त्याला, अठरा मला. निवडणूक मी वाचवली होती, यात वादच नाही.

संध्याकाळी बायकोच्या गाळ्यात जाऊन बसलो.

"तू आली होतीस मत द्यायला?"

"आले की. पहिल्यांदाच वाटलं, माझ्या एका मताने फरक पडेल."

"म्हणजे त्या अठरांत एक तुझं."

ती बटणांचा डबा बंद करत म्हणाली, "मी त्यांना दिलं."

मला राग आला, आणि रागापेक्षा वाईट वाटलं. "का गं?"

"कागद बघितला. अक्षर तुमचं. सहावा मुद्दा वाचला आणि म्हटलं, यांना ठाऊक होतं. मग इतकी वर्षं मी मेली कुणाशी बोलत होते?"

'बघतो' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तो गिळला. घड्याळवाल्याचंच वाक्य उचललं.

"अजून काही?"

तिने स्टूल ओढलं आणि समोर बसली. दुकान बंद करायची वेळ होऊन गेली तरी ती बोलत होती.