मला फक्त बेरीज येते

मित्रांनो, आधी एक सांगतो, माझ्या काचेवर टिचक्या मारू नका. त्याने मी जास्त शहाणा होत नाही. मी एक जुना दाबमापक आहे. पितळी अंग, पांढरा चेहरा आणि एकच काटा. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, तेव्हा मी केवढा फुगलो होतो!

पुढे मी बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये आलो. तिथली ताई पाण्यात उतरून पुलांचे खांब दुरुस्त करायची आणि तिचा धाकटा भाऊ तिचे श्वासाच्या हवेचे सिलिंडर भरायचा. आधी थोडा प्राणवायू, मग वरून साधी हवा. सिलिंडरमध्ये वायू मिसळून जातात, पण दाब प्रत्येक जण आपापला देतो. माझ्यापर्यंत पोचते ती सगळ्यांची बेरीज. त्यात कोणाचा वाटा किती, हे मला कळत नाही. कितीदा ओरडून सांगावेसे वाटले! पण मला तोंड कुठे आहे?

वाटा मोजणारे यंत्र वेगळे होते. ते बिघडले आणि भाऊ दुरुस्तीचे आज-उद्या करत राहिला. सगळा भार माझ्या डोक्यावर आला.

एकदा सिलिंडरमध्ये आदल्या दिवशीचे मिश्रण बरेच उरले होते. ते उथळ पाण्यासाठीचे होते, त्यात प्राणवायू जास्त होता. भावाने ते मिश्रण साधी हवाच समजून नेहमीसारखा प्राणवायू सोडला आणि वरून हवा भरली. माझा काटा दोनशेवर, सिलिंडर पूर्ण भरल्याच्या खुणेवर, थांबला.

"झक्कास!" म्हणत त्याने मला टिचकी मारली. माझा नुसता संताप झाला.

त्या दिवशी ताईला खोल उतरायचे होते. खोल पाण्यात श्वासातल्या प्रत्येक वायूचा दाब वाढतो. प्राणवायूचा फार वाढला की माणसाला झटके येतात, तोंडातली नळी सुटते.

"मिश्रण तपासलंस का?" ताईने विचारले.

"अगं, काटा बघ की! बरोबर दोनशे."

"काटा किती ते सांगतो रे. काय भरलंय ते कुठे सांगतो?"

तिने शेजारच्या वर्कशॉपमधून यंत्र मागून आणले. प्राणवायूचा आकडा हवा होता त्यापेक्षा कितीतरी जास्त निघाला. ताईने तोटी उघडली आणि सगळा वायू सोडून दिला.

मग भावाने काय केले असेल? मला काढून नवा, मोठा दाबमापक बसवला! "जुन्याने घात केला असता," म्हणे. मी आता पान्यांच्या खोक्यात पडून आहे. बिघडलेले यंत्र अजून कपाटातच आहे आणि ताई दर वेळी शेजाऱ्यांचे मागून आणते.

मित्रांनो, मला पुसूनबिसून ठेवले नाहीत तरी चालेल. पण कोणाला काय विचारायचे, तेवढे समजून घ्या. माझा काटा त्या दिवशी अगदी खरे बोलत होता, आणि त्याच खऱ्यावर विसंबून ताई जिवाला मुकली असती.