ताडपानातलं भोक

सुरोबुवाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गावातल्या, कापडावर मेणाने बाटिकची नक्षी काढणाऱ्या बायका लोटल्या होत्या. वय झालं की मेणाची बारीक टिंबं दिसेनाशी होतात, आणि टिंबं दिसली नाहीत की हातचं काम गेलंच.

लवंगेच्या सिगारेटचा धूर सोडत बुवाने ताडाचं पान उंच धरलं. "दक्षिण सागराच्या राणीनं केसांतल्या सुईनं पाडलंय हे भोक! लाव डोळा, आजी. दिसतं?"

"अगं बाई! एकेक टिंब दिसतंय!" म्हातारी रडायलाच लागली.

राणीला दुसरा उद्योग नसावा. बुवाच्या मागे तसल्या पानांची टोपली भरली होती.

डोळ्यांची डॉक्टर वेनिंग गर्दीतून वाट काढत आपल्या मावशीपाशी आली. सुमिरामावशी बुवाच्या शेजारी मानाने बसली होती. पहिला चमत्कार तिच्यावरच झाला होता ना! तिच्या पावलांवर भाजल्याचे डाग होते. बाजूला ठेवलेली वितळल्या मेणाची कढई तिच्या हातून सारखी लवंडायची. बुवा म्हणे, भूत धक्का देत होतं, पानाने ते घालवलं. वेनिंगने मात्र तपासून सांगितलं होतं, काचबिंदू आहे. कापड सदा नाकासमोर, त्यामुळे कडेची नजर जात चालल्याचं मावशीला कळलंच नव्हतं.

"औषधाचे थेंब घालतेस ना?"

"फेकले कधीच. राणीला चालत नाहीत. आणि पानातून टिंबं दिसतात की मला! तुझं शिक्षण चुलीत घाल."

वेनिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कुंपणालगतच्या केळीचं पान फाडलं, अंबाड्यातल्या आकड्याने त्याला भोक पाडलं आणि रांगेतल्या पहिल्या बाईच्या हातात दिलं.

"ह्यातून बघा."

"अय्या, ह्यातूनपण दिसतंय!"

"दिसणारच! वयाबरोबर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, उजेड फाकतो, म्हणून जवळचं टिंब पुसट होतं. भोक फाकलेला उजेड अडवतं. चष्मा तोच उजेड एका जागी आणतो, आणि त्याला राणी लागत नाही."

बुवा उसळला. "मग तुझ्या मावशीचं भूत कुणी घालवलं गं, शहाणे?"

वेनिंग मावशीसमोर बसली. "डावा डोळा झाक. माझ्या नाकाकडे बघ. कडेला मी बोटं हलवीन, दिसली की सांग."

मावशी वाट बघत राहिली.

"हलव ना गं बोटं!"

"केव्हाची हलवतेय, मावशी."

कुणीतरी 'आई गं' म्हणालं. मावशीने हात लांबवला, चाचपडत ती बोटं धरली आणि सोडेचना.

"हे भिंगाचं दुखणं नाही," वेनिंग म्हणाली. "डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस मरते. दुखत नाही, खुपत नाही. भोकातून समोरचं टिंब दिसतं, आणि माणूस समजतो आपण बरे झालो."

"गेलेलं परत येईल?"

"नाही. थेंब सुरू ठेवले असतेस तर बरंच वाचलं असतं."

बुवा टोपली उचलून घरात शिरला. त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही.

मावशी उठली. धडपडत रांगेकडे वळली आणि हाताला लागला तो पहिला खांदा तिने घट्ट धरला.

"कोण गं तू? कोणी का असेना. पान टाक आणि हिच्यासोबत दवाखान्यात जा, आजच. तुझी कडेची नजर अजून शिल्लक असेल."