ठिणग्या हव्यात म्हणे

मी एक जुना धारेचा दगड आहे. अकबरभाईंच्या सायकलवर बसवलेला. सायकल स्टँडवर चढवून त्यांनी पायडल मारलं की मी गरगर फिरतो. आलो तेव्हा ताटाएवढा होतो, आज बशीएवढा उरलोय. मला बिचारा म्हणू नका, मित्रांनो. उरलेला मी कोथरूडच्या सुऱ्यांना लागलोय.

गेल्या महिन्यात शेफाली नावाची मुलगी कॅमेरा घेऊन आली. तिला अकबरभाईंवर छोटी फिल्म करायची होती. शहात्तराव्या वर्षी कुणीतरी आपल्याला विचारतंय, म्हणून अकबरभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले. ती म्हणाली, "चाचा, रोजचा मळका नाही का?"

मग प्रश्न सुरू झाले. "चाचा, एकटं वाटतं का?"

"वाटतं की. तुझा कॅमेरा लागल्यापासून गिऱ्हाईक जवळ येईना."

तेवढ्यात, ज्या सोसायटीच्या फाटकाशी आम्ही उभे असतो, तिथल्या मुक्ताईकाकू फणस कापायची सुरी घेऊन खाली आल्या. अकबरभाईंनी ती माझ्यावर टेकवली. माझ्या डोक्यावर भोक पाडलेला एक डबा टांगलेला असतो, त्यातून थेंब थेंब पाणी पडतं.

"चाचा, तो डबा काढा ना," शेफाली म्हणाली. "आणि सुरी जोरात दाबा. स्पार्क्स भारी येतील."

माझा संताप झाला. या लोकांना म्हातारा हवा तो एकतर रडणारा, नाहीतर ठिणग्या उडवणारा. नीट काम करणारा कुणाला नको. पण अकबरभाईंचा हात डब्याकडे गेला तेव्हा मी खरंच घाबरलो. फिल्मसाठी इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस फिल्मसाठी एकदा चुकेलही, असं वाटलं.

त्यांनी डबा फक्त सरळ केला.

"ठिणगी म्हणजे सुरीचंच जळणारं पोलाद, बेटा. कोरडी दाबली की पातं तापून निळं पडतं. मग धार टिकत नाही."

"एकच शॉट, चाचा. नाहीतर फिल्ममध्ये बघण्यासारखं काय राहणार?"

"मग नको करू फिल्म. सुरी यांची आहे."

"अहो अकबरभाई, जाळा की," मुक्ताईकाकू म्हणाल्या. "फणस मी फिल्मनेच कापीन."

शेफालीने बॅगेतून फळं कापायची आपली बोथट सुरी काढली आणि म्हणाली, "हिला लावा धार. पाणी राहू दे." ती इतकी जवळ वाकली, की एक थेंब तिच्या कॅमेऱ्यावर उडाला. अकबरभाईंनी धार अंगठ्याने हळूच पाहिली, मग पेपरचा कागद पात्यावर सोडला. तो मधोमध चिरत गेला.

ती फिल्म सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवली. तिच्यात एकही ठिणगी नाही. पुढच्या बुधवारी फाटकाशी पाच जण सुऱ्या घेऊन उभे होते. इतकी वर्षं आम्हाला हटकणारा वॉचमनसुद्धा कात्री घेऊन आला.

मित्रांनो, सुरी बोथट झाली की लगेच नवी मागवू नका. आणि आमच्याकडे बघून हळहळायचं असेल तर घरीच बसा. मी अजून बशीएवढा आहे. सुरी घेऊन खाली या. बुधवारी अकराला आम्ही फाटकाशी असतो, डबा भरून.