दोन वचनं

बिसराम माझा नवरा. तीन वर्षं रोज संध्याकाळी त्याने माझ्याकडून एकच वचन म्हणवून घेतलं आणि मी चुलीपुढे बसून शहाण्या बाईसारखी म्हणत गेले. इतकं पाठ झालं की तांदूळ निवडतानाही तोंडात यायचं.

एक्कावन्न साली आम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला. दरेकशाला तेव्हा ख्रिस्ती घरं सातच. गोंदियाहून गुलाबचंद पाळक महिन्यातून एकदा गाडीने येत. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांनी नवराबायकोला शास्त्रातलं एकेक वचन नेमून दिलं, जन्मभर पाळायला. मला वाचता येत नव्हतं, म्हणून दोन्ही वचनं बिसरामच्या हाती दिली आणि माझं मला शिकवायला सांगितलं. माझं होतं, बायकोने नवऱ्याच्या अधीन राहावं. तुमचं कोणतं, असं मी एकदा विचारलं. पुरुषाचं वचन बायकांच्या कामाचं नसतं, म्हणाला. प्रवचनातून कळलं असतं, पण तेव्हा आम्ही बायका प्रार्थनाघरामागे सगळ्यांचा स्वयंपाक करत असू. वरणाला फोडणी देताना कुठला उपदेश कानावर पडतो?

तिसऱ्या वर्षी ऐन धानकापणीत माझा भाऊ धनीराम चिचगडहून आला. आई अंथरुणाला खिळली होती, माझं नाव घेत होती. मी लुगडी बांधायला उठले. बिसराम म्हणाला, धान उभं आहे, कापणी झाली की जा. मी रडले, पाया पडले. त्याने भावादेखत मला वचन म्हणायला लावलं, आणि मी म्हटलं. धनीराम पाणीही न पिता परत गेला.

राग आला नाही असं नाही. पण देवानेच सांगितलंय, तर तो काढायचा कुणावर? विळा घेऊन धानाच्या बांधीत उतरले. चौथ्या दिवशी निरोप आला, आई गेली. मातीही देऊन झाली होती.

कापणी उरकल्यावर प्रार्थनाघरात उपकारस्तुतीचा सण झाला. घराघरातून नव्या धानाची पेंढी आणून पुढे ठेवायची. आमची पेंढी माझ्याच हातची, त्याच चार दिवसांत कापलेली. त्या दिवशी पाळकांनी बायकांनाही आत बसवलं, कारण प्रत्येक जोडप्याने उभं राहून आपापलं वचन म्हणायचं होतं.

बिसराम उठला. मला वाटलं अडखळणार, कारण घरी त्याच्या तोंडून ते एकदाही ऐकलं नव्हतं. पण गडी घडाघडा म्हणाला. ख्रिस्ताने मंडळीवर, म्हणजे आपल्या भक्तजनांवर, प्रेम करून तिच्यासाठी जीव दिला, तसं नवऱ्याने बायकोवर प्रेम करावं, स्वतःच्या देहासारखं तिला जपावं. एक शब्द चुकला नाही. पाळक खूश झाले, कधी पाठ केलंस म्हणून विचारलं.

"बाप्तिस्मा झाला त्याच रोजी, साहेब," तो म्हणाला.

माझ्या अंगाची लाही झाली. त्याला ठाऊक नसतं तर मी माफ केलं असतं. माणूस अडाणी असतो, चुकतो. पण याला सगळं तोंडपाठ होतं. माझं वचन रोज माझ्याकडून घोकून घेताना स्वतःचं त्याने गिळून ठेवलं होतं. मी पाया पडले तेव्हाही ते त्याच्या पोटात होतं. केसाने गळा कापला माझा, तोही देवाचं नाव घेऊन.

पाळकांनी माझं नाव पुकारलं. मी पुढे गेले आणि आमची पेंढी उचलून छातीशी धरली.

"काय करून राहिली तू, फुलवंता?" बिसराम हळूच म्हणाला. "वचन म्हण."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"माह्यं वचन मी पाळलं, साहेब," मी पाळकांना म्हटलं. "मायच्या मातीले गेली नाही, पण पाळलं. ह्या माणसाले त्याचं नुसतं पाठ आहे."

मी तशीच बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी चिचगडला पोचले आणि ती पेंढी आईच्या मातीवर ठेवली.