जलपरीची चंडिका

फायली तेवीस होत्या. विंचचं पूर्ण चित्र एक, त्याच्या पोटातले जोड चार, आणि त्या जोडांतले सुटे भाग अठरा. राहीने त्या तीनदा मोजल्या, कारण बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेने तिला दुसरं काही नाही तरी तेवढी सवय लावली होती.

मिरजोळ्याच्या वसाहतीत अयूबभाईंचं वर्कशॉप होतं. मच्छीमारी लाँचवर जाळं ओढायची विंच तिथे बनायची. त्यांच्या भावाने, अहमदने, कुवेतहून एक कॉम्प्युटर पाठवला आणि तो चालवायला अयूबभाईंनी राहीला ठेवलं. पण अजून त्यातून एकही धड काम बाहेर पडलं नव्हतं. शेवटी अयूबभाईंनी सांगून टाकलं, की बुरोंडीच्या भागोजीच्या विंचचे कागद शुक्रवारी त्याच्या हातात पडले नाहीत, तर चित्रं पूर्वीसारखी वर्कशॉपातले जुने हरिश्चंद्रकाका पेन्सिलीने काढतील आणि यंत्र खोक्यात जाईल. खोकं माळ्यावर जपून ठेवलेलंच होतं. यंत्र गेलं की राहीचं काम काय उरणार, हे कोणी बोललं नाही.

विंच नवी नव्हतीच. गेल्या वर्षी महिपतच्या 'जलपरी'साठी केली होती तीच, फक्त ड्रम २२० ऐवजी २६० मिलिमीटरचा. अडचण नावाची होती. अयूबभाईंच्या वर्कशॉपात लाँचच्या नावानेच सगळा संच ओळखला जायचा, कारण माणसं येऊन "जलपरीची पुली द्या" असंच म्हणायची, नंबर कोण लक्षात ठेवतो. कागदांचा एक संच लाँचवरही जायचा. आणि महिपत हा भागोजीचा चुलतभाऊ. दोघांचं बोलणं बंद होऊन चार वर्षं झाली होती.

"महिपतच्या लाँचचं नाव माझ्या 'चंडिका'वर चढता नये. कोपऱ्यातसुद्धा नाय," भागोजी जाताना बजावून गेला होता.

राहीने मंगळवारी तेवीसही नावं बदलली. जलपरी-१ ची चंडिका-१, जलपरी-२ ची चंडिका-२. अर्ध्या तासाचं काम. मग पूर्ण चित्र उघडलं, तर पडद्यावर रिकामी चौकट आणि आत चार फुल्या. चित्राच्या आत भाग नव्हतेच, फक्त त्यांची नावं होती. ते अजून जलपरीलाच हाका मारत होतं आणि जलपरी कुठेच नव्हती.

नशिबाने मूळ फायली फ्लॉपीवर होत्या. बुधवारी तिने त्या परत हार्ड डिस्कवर आणल्या आणि या वेळी शहाणपणाने त्यांच्या नकला करून फक्त नकलांना नावं दिली. पूर्ण चित्र उघडलं. सगळं जागच्या जागी. तिने चंडिकेच्या ड्रमचा व्यास २६० केला, कागद छापले आणि हरिश्चंद्रकाकांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

काकांनी चष्मा पुसला, दोन कागद शेजारी शेजारी लावले आणि वाचत बसले. त्यांना घाई कधीच नसे.

"काय गो बाय, भागोजीला दोन ड्रम देतो काय आपण? सुट्या कागदावर दोनशे साठ, जोडलेल्यावर दोनशे वीस."

राही धावत पडद्याकडे गेली. फायलीची नक्कल झाली होती, पण नकलेच्या पोटातली नावं जुनीच होती. शेजारीच बसलेली जलपरी निमूटपणे ओ देत होती, म्हणून फुल्या दिसल्या नाहीत. कालच्या फुल्या निदान प्रामाणिक तरी होत्या. तिने कॉम्प्युटरसोबत आलेलं, सिंगापुरात छापलेलं जाडजूड पुस्तक उघडलं. नक्कल कशी करावी यावर सात पानं होती. नक्कल कोणाला ओळखते यावर एक ओळ नव्हती. तिने पुस्तक इतक्या जोरात मिटलं, की लेथवरच्या माणसाने मान वर केली.

काका दुरुस्तीला आलेला एक ब्रेक जोडत होते. भाग सुटे करताना ते जुळणाऱ्या दोन्ही तुकड्यांवर टोकदार सेंटर पंचने सारखे ठिपके मारत. एक तुकडा नवा केला होता, त्यावर त्यांनी तीन ठिपके मारले, आणि तो खाली ठेवण्याआधीच त्याच्या जोडीदारावरचे दोन घासून तिथेही तीन मारले.

"लगेच कशाला, काका? सगळे झाले की मारा," राही वैतागून म्हणाली.

"सगळे झाल्यावर कोण कोणाचा ते तू सांगशील? एकाची खूण बदलली की जोडीदाराची त्याच हाताने. मग दुसऱ्याकडे बघायचं."

राही आपल्या टेबलाकडे परतली. मग आलेखाचा कागद घेऊन बसली. कोणतं चित्र कोणाला हाक मारतं, ते तिने एकेक उघडून लिहून काढलं. पूर्ण चित्र चार जोडांना. जोड अठरा भागांना, त्यातले तीन भाग दोन-दोन जोडांत, म्हणजे एकवीस. एकूण हाका पंचवीस. गुरुवारी तिने तळापासून सुरुवात केली. एका भागाचं नवं नाव घ्यायचं, त्याला हाक मारणाऱ्या चंडिकेच्या जोडात जाऊन तिथलं जुनं नाव बदलायचं, कागदावर खूण करायची, मगच पुढचा भाग; शेवटी चारही जोड पूर्ण चित्रात. तोवर अयूबभाई दोनदा दारात येऊन माळ्याकडे नजर टाकून गेले.

मग तिने जलपरीच्या सगळ्या फायली हार्ड डिस्कवरून पुसल्या. फ्लॉपी काकांच्या कपाटात ठेवून किल्ली त्यांच्याकडेच दिली. आता खोटी ओ द्यायला कोणी नव्हतं.

चित्र उघडलं. ब्रेकच्या जोडात एक फुली. बेअरिंग दोन जोडांत होतं आणि तिने खूण दोनदा केली होती, पण बदल एकदाच. तिने स्वतःला मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं, तो दुसरा बदल केला आणि कागद पुन्हा छापले.

शुक्रवारी सकाळी भागोजी आला. त्याने प्रत्येक कागदाचे चारही कोपरे तपासले, मग गुंडाळी करून पत्र्याच्या नळीत घातली. अयूबभाईंनी माळ्यावरून खोकं काढलं आणि तेलाच्या चिंध्या ठेवायला लेथजवळ दिलं.

राहीने वहीत नोंद केली. जुनी फ्लॉपी कपाटात. हाका पंचवीस, मिळालेल्या ओ पंचवीस. ड्रमचा व्यास, दोन्ही कागदांवर, २६० मिलिमीटर.