पहिल्या पायरीचे गुरुजी

पहिल्या पायरीसाठी लिहिणं सगळ्यात अवघड, असं मी म्हटलं की लोक हसतात. पाचव्या पायरीला काय, दोन्ही हात मोकळे, सगळ्या पट्ट्या, वाट्टेल तेवढा वेग. काहीतरी जमूनच जातं. पहिलीला हाताशी पाच सूर आणि अजून न वळणारी बोटं. तेवढ्यात गाणं झालं पाहिजे, नुसता व्यायाम नाही. चार वर्षं मी पियानोच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या त्यांच्या पायरीचे नवे तुकडे लिहिते आहे, आणि गेल्या जानेवारीपर्यंत माझी पहिली पायरी रिकामीच होती.

लिहायला लागले ती मुळात चिडून. परदेशातून येणाऱ्या पुस्तकांत सगळी बर्फावरची घसरगाडी आणि कोल्ह्याची शिकार. लातूरची पोरं एप्रिलच्या उन्हात घाम पुसत बर्फ वाजवणार, आणि मी त्यांना सांगणार, "हलक्या हातानं, बर्फ पडतोय." एक दिवस मला माझीच लाज वाटली. मग दुसऱ्या पायरीला गोदावरीच्या घाटावरचं सकाळचं ऊन आलं, चौथीला सोयाबीनचं मळणीयंत्र आलं (हे पोरांचं लाडकं, कारण शेवटी ते अडकून बंद पडतं), आणि पाचवीला सहस्रकुंड. त्यासाठी इस्लापूरला जाऊन धबधब्यासमोर दोन तास बसून आले होते. भागवत, माझा नवरा, म्हणाला, "भिजायचंच होतं तर घरी नळ होता की." तो रेल्वेच्या ऑफिसात आहे, त्याला सगळं वेळापत्रकात बसलेलं लागतं.

त्याच्या सिकंदराबादच्या नोकरीत मी पियानो शिकले. आता नांदेडला घरी शिकवते, आणि दर रविवारी पहाटेची बस धरून लातूरला जाते. तिथे एका शाळेच्या हॉलमध्ये जुना पण खराखुरा पियानो आहे. सकाळपासून दुपारपर्यंत सगळ्या पायऱ्यांची मुलं एकापाठोपाठ येतात. प्रत्येकाकडे एक चुकांची वही असते. त्या दिवशी काय चुकलं ते मुलानं स्वतःच्या हातानं लिहायचं, मी खाली सही करायची. ही पद्धत माझी नाही. ती शेषेराव गुरुजींची.

माझं माहेर रेणापूर. तिथल्या शाळेत गुरुजी आम्हाला गणित शिकवायचे आणि शाळा सुटली की पेटी. मी आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्यासमोर बसले. चुकलं की ते ओरडत नसत. नुसते म्हणायचे, "पहिल्यापासून." शेवटच्या ओळीत एक सूर घसरला तरी पहिल्यापासून. मला त्या शब्दाचा इतका राग यायचा की एकदा वहीत चुकांच्या जागी मी "गुरुजी" असं लिहून ठेवलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि खाली सही केली.

तर गेल्या जूनमध्ये एका रविवारी हेच गुरुजी हॉलच्या दारात उभे. वय एकाहत्तर, धोतर, खांद्याला शबनम. मला वाटलं भेटायला आले. मी धावत जाऊन पाया पडले.

"वर्षा," ते म्हणाले, "मला ह्यो तुझा पियानो शिकायचाय."

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी डावा हात माझ्यापुढे धरला, तळवा वर करून.

"साठ वर्षं झाली, उजवा हात सूर काढून राहिला आन् ह्यो नुसता भाता मारून राहिला. ह्याच्या वाट्याला एक सूर आला न्हाई. त्याला एकदा तरी वाजवू द्यायचं हाय मला. मरायच्या आधी."

असं मागणं कुणी मागितलं तर काय करायचं? मी त्यांना पियानोपुढे बसवलं आणि तिथेच घोटाळा करून बसले.

नियमाप्रमाणे त्यांना पहिल्या पायरीवर बसवायला हवं होतं. पण माझ्या गुरुजींना राजकन्या नावाच्या सात वर्षांच्या मुलीशेजारी बाकावर बसवून "अंगठा एक नंबर" शिकवायचं? माझी जीभ रेटेना. शिवाय उजव्या हाताला त्यांना सगळं येत होतं, तीन तीन पिढ्यांची भजनं त्या बोटांत होती. मी त्यांना सरळ तिसरीत घातलं. दिवाळीपर्यंत पाचवीत. डावा हात? तो हवेत वरखाली व्हायचा. उजव्या हातानं सूर धरला की डावा आपोआप पट्ट्यांवरून उठायचा आणि नसलेला भाता मारू लागायचा. मी गोड आवाजात म्हणायचे, "जमतंय गुरुजी, छान." आणि पुढच्या रविवारी त्यांच्या तुकड्यातले डाव्या हाताचे सूर थोडे कमी करून आणायचे. तासाच्या सुरुवातीला मी त्यांच्या पाया पडायचे. आणि ज्याच्या पायावर आत्ता डोकं ठेवलं त्याला पुढच्या मिनिटाला "चुकलं" म्हणायला माझं तोंड उघडायचं नाही. इतर पोरांवर मी अशी खेकसते की आया दाराबाहेरून डोकावतात. गुरुजींपुढे मी मेणाची.

जानेवारीत कळलं की फेब्रुवारीतल्या आमच्या वार्षिक कार्यक्रमाला रेणापूरचं अख्खं भजनी मंडळ येणार आहे. जीप ठरली होती. गुरुजी पियानोवर सहस्रकुंड वाजवणार, हे गावभर झालं होतं.

माझी झोप उडाली. सहस्रकुंडात सगळं पाणी डाव्या हातात आहे. उजवा नुसता काठावर उभा राहून बघतो. डावा हात काढला तर धबधब्याचा नळ होतो, भागवत म्हणाला होता तसा. मी आठवडाभर विचार केला आणि मला वाटलं, मार्ग सापडला. तीन रविवार उरले असताना मी गुरुजींना म्हटलं, "आपण दोघं मिळून वाजवू. तुम्ही उजवा हात वाजवा, डावा मी वाजवते. गुरू-शिष्य एका पियानोवर. लोकांना किती बरं वाटेल!"

गुरुजींनी शबनममधून वही काढली. त्यांची चुकांची वही. ती ते ठेवतात हे मला माहीतसुद्धा नव्हतं. मी कधी मागितली नव्हती.

"वाच," ते म्हणाले.

प्रत्येक रविवारची तारीख होती. गणिताच्या मास्तरांचं ते सरळ अक्षर. तारखेखाली "चूक", आणि त्यापुढे "नाही". जूनपासून जानेवारीपर्यंत, पानामागून पान. चूक : नाही. चूक : नाही. सहीची जागा सगळीकडे कोरी.

"आठ महिन्यांत एक बी चूक न्हाई," गुरुजी म्हणाले. "असा हुशार इद्यार्थी म्या सबंध नोकरीत पाह्यला न्हाई."

"गुरुजी, तुमचा मान—"

"मान ठिव तुझ्यापाशी. मी मान घ्यायला बस धरून येत न्हाई. खरं सांग, मी कितवीत हाय?"

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, माझाच. म्हटलं, आता बोललंच पाहिजे.

"पहिलीत," मी म्हणाले. "डावा हात पट्टीवर टिकत नाही. भाता मारतो. उजवा हात ठेका सोडून पळतो. सहस्रकुंड तुम्हाला येत नाही, आणि तीन रविवारांत येणार नाही."

"मंग आठ महिने तू काय करून राहिलीस?"

"पाया पडून राहिले."

ते उठले. वही शबनममध्ये टाकली. "ज्या हातासाठी आलो," दारातून वळून ते म्हणाले, "त्योच तू माझ्याकडून काढून घ्यायला निघालीस, वर्षा. गोड बोलून." आणि गेले. उरलेल्या मुलांवर त्या दिवशी मी एकदाही ओरडले नाही, त्यामुळे ती जास्तच घाबरली.

परतीच्या बसमध्ये लोह्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. काय केलं होतं मी? एका माणसानं आयुष्यात एक गोष्ट मागितली होती आणि मी ती आदराखाली दाबून टाकली होती. त्याला चुकू दिलं नव्हतं, म्हणजे शिकूच दिलं नव्हतं. मांडीवर माझाच डावा हात होता. मी तो सहज वरखाली केला, गुरुजी करतात तसा. भाता आत, भाता बाहेर. आत, बाहेर. करंगळीवर सा, अंगठ्यावर प. सा, प. सा, प. हात सरकवायचा नाही, ताणायचा नाही, नुसता झुलवायचा. मी पर्समधून पेन काढलं आणि तिकिटाच्या मागे लिहायला लागले. तिकीट पुरलं नाही म्हणून डब्याखालचा कागद घेतला. नांदेडच्या स्टँडवर उतरले तेव्हा सोळा मात्रांच्या चार ओळी झाल्या होत्या. डावा हात फक्त दोन सूर वाजवत श्वास घेतो, आणि त्याच्यावर उजवा पाच सुरांत फिरून घरी येतो. वर नाव घातलं, "भाता". माझी पहिली पायरी भरली होती. पण ज्याच्यासाठी भरली तो येईल की नाही याची खात्री नव्हती.

पुढच्या रविवारी मी हॉलवर पोचले तर बाकावर राजकन्या बसलेली, आणि तिच्या शेजारी गुरुजी. गुडघे जवळ घेऊन, मांडीवर वही. मी त्यांच्या पाया पडले नाही. फार जड गेलं. तिचा तास झाल्यावर म्हटलं, "गुरुजी, या. डावी करंगळी इथं."

त्या दिवशी त्यांच्या वहीत चौदा चुका लिहिल्या गेल्या. पंधरावी मी सांगायला लागले तर म्हणाले, "थांब, आधीची लिहू दे." मी सही केली. पुढच्या रविवारी नऊ. तेव्हा एकदा त्यांचा डावा हात दोन ओळी सलग पट्ट्यांवर राहिला. ते वाजवायचे थांबले आणि त्या हाताकडेच बघत बसले. मी म्हटलं, "थांबायचं नव्हतं. लिहा." त्यांनी मुकाट लिहिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी जीपमधून मंडळ उतरलं, फेटे बांधून. पखवाजवाले मन्मथअप्पा पुढच्या रांगेत बसले. आमच्याकडे कार्यक्रम पायरीच्या क्रमानं होतो, पहिली आधी, पाचवी शेवटी. मंडळ शेवटाची वाट बघत निवांत होतं. राजकन्येनंतर मी नाव पुकारलं, "पहिली पायरी. शेषेराव गुरुजी." हॉलमध्ये कुजबुज झाली. मन्मथअप्पा मोठ्यानंच म्हणाले, "आरं, गुरुजीला लेकरांत घातलं की!" माझे कान तापले. गुरुजी शांतपणे स्टुलावर बसले, करंगळी बघून ठेवली आणि सुरुवात केली.

सा, प. सा, प. पहिली ओळ नीट गेली. दुसरीही. तिसऱ्या ओळीत उजव्या हाताला जुनी वाट सापडली असावी; त्यानं लिहिलेला सूर सोडून एक हरकत घेतली, सुंदर घेतली. मंडळातून "वाहवा" आली. आणि डावा हात उठला. हवेत वरखाली, वरखाली. खाली कुणाच्या लक्षात आलं नाही. लोक डोलत होते. अजून दीड ओळ उरली होती. उजव्या हातानं ती सहज तोलून नेली असती, टाळ्या पडल्या असत्या, आणि रेणापूर खूश होऊन जीपमध्ये बसलं असतं.

गुरुजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. उजवा हात वाजतच होता.

मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नाही. दोनशे माणसं, आणि पुढेच त्यांच्या हाताखाली शिकलेलं, त्यांच्या पाया पडणारं अख्खं मंडळ. मी एक पाऊल पुढे आले आणि म्हणाले, "गुरुजी. पहिल्यापासून."

मन्मथअप्पा अर्धे उठले. गुरुजींनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. धोतराला पुसले. पुन्हा करंगळी, पुन्हा अंगठा. या वेळी हरकत नाही, वाहवा नाही. चारही ओळी, लिहिल्या तशा. डावा हात शेवटच्या 'सा'पर्यंत खाली राहिला, आणि तो सूर विरून गेल्यावरही त्यांनी करंगळी पट्टीवरून काढली नाही. सगळं मिळून मिनिटभराचं. मी पडद्याआड तोंड वळवून रडून घेतलं.

टाळ्या चालू असतानाच ते आत आले. शबनममधून वही काढली, भिंतीला टेकवून उभ्यानंच लिहिलं आणि माझ्यापुढे धरली. तेच सरळ अक्षर : "चूक एक. डावा हात सुटला. मॅडमनी पहिल्यापासून घ्यायला लावले."

मॅडम. मी सही केली आणि आता तरी म्हणून पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले.

"ते ऱ्हाऊ दे," गुरुजी म्हणाले. "पुढल्या रविवारी काय घ्यायचं, ते सांग."