ग्रहणाची राखण

लंकाबाई तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोचली तेव्हा तिच्या हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे ताजे होते, आणि जावयाच्या मोटारीच्या डिकीत पाच किलो पेढे शिळे होत होते.

पेढ्यांची हकीकत तिला फाटकापाशीच कळली. तिच्या लेकीला, राजनंदिनीला, तीन दिवसांपूर्वी मुलगा झाला होता. 'मुलगा' एवढं ऐकूनच व्याही आबासाहेबांनी बेलापूरच्या हलवायाकडून पेढे उचलले. मग नातवाचं तोंड पाहिलं. वरचा ओठ डाव्या नाकपुडीपर्यंत उकललेला, आत टाळूलाही फट. आबासाहेबांनी डिकी लावली ती लावलीच. नातू झाला खरा, पण पेढे वाटण्याच्या लायकीचा झाला नाही, असा त्या घराचा निवाडा पडला.

हे घर काही आभाळातून उतरलेलं नव्हतं. आबासाहेबांचे वडीलही लंकाबाईसारखेच पाथर्डीकडून ऊस तोडायला कोयता घेऊन आले, पाटाच्या पाण्यावर सहा एकर करून बेलापूरला राहिले. पुढं घरावर स्लॅब पडला तसा आठवणीवरही पडला. आता तिथं कोयत्याचं नाव निघालं तरी नाकाला पदर लागे. म्हणून तर पहिलं बाळंतपण असूनही लेकीला माहेरी धाडली नव्हती. माहेर म्हणजे काय, तर ऊसतोडीच्या हंगामभर साखर कारखान्याच्या तळावरची पाचटाची झोपडी, कोपी.

विहीणबाई मुक्ताबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसून आल्यागेल्याला कारण सांगत होत्या. कारण एकच, ग्रहण. सुनेनं पोटुशी असताना ग्रहणात काहीतरी चिरलं, म्हणून पोराचा ओठ चिरला. ऐकणारा मान डोलवी आणि आपल्या पदरचं एक उदाहरण घालून पुढं जाई. सकाळपासून एवढी उदाहरणं गोळा झाली होती, की तालुक्यात एकही धड पोर जन्मलं नसावं असं वाटावं.

आत राजनंदिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाळ बाजूच्या पाळण्यात, आणि त्याचं रडणं असं बारीक, की लांबच्या विहिरीवर रहाट कुरकुरावा.

रेश्मा सिस्टरनं लंकाबाईला सगळं नीट सांगितलं. बाळाला अंगावर ओढता येत नाही, दूध नाकातून परत येतं. आईचं दूध वाटीत काढायचं, बाळाला बसतं धरायचं, चमच्यानं थोडं थोडं गालाच्या बाजूनं सोडायचं, मध्ये थांबायचं. ओठ तीन-चार महिन्यांनी शिवतात, टाळू वर्षाचा झाल्यावर, आणि सरकारी योजनेत त्याला दमडी लागत नाही. पण सव्वादोन किलोचं बाळ तीन दिवसांत दोनवर आलं होतं. सिस्टरनं दोनदा करून दाखवलं, तरी आई हात लावायला तयार नव्हती.

"ओठ शिवता येतो, मावशी," सिस्टर म्हणाली. "उपाशी पोर शिवता येत नाही. आज संध्याकाळपर्यंत हिनं पाजायला घेतलं नाही, तर मला याला नगरला पाठवावं लागेल."

लंकाबाई लेकीच्या उशाशी बसली. केसांतून हात फिरवला, तर ओरखड्यांत केस अडकले. राजनंदिनी भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "आये, मी दोरा तोडला हुता. दातानं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. भादव्यातल्या पुनवेचं चंद्रग्रहण. दुपारी वेध लागले तसं सासूनं तिला खोलीत पाटावर बसवलं, मांडीवर नारळ दिला, दाराला आतून कडी घातली आणि स्वतः समोर खुर्ची टाकून बसली. पाणी नाही, आडवं होणं नाही, खाजवणं नाही. ग्रहण मध्यरात्रीनंतर सुटलं, तोवर असंच. त्यात पोलक्याच्या बाहीचा एक दोरा लोंबत होता. सासूचा डोळा लागला, आणि हिनं तो दातानं तोडला.

"दोरा तुटला तसा ह्याचा ओठ तुटला," राजनंदिनी म्हणाली. "आता मी हात लावला, तर आजून काय तुटंल."

लंकाबाईला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणी. तिनं सिस्टरला विचारलं, पोटात बाळाचा ओठ जुळतो तरी कधी? सिस्टर म्हणाली, जुळायचा तो तिसरा महिना भरायच्या आत जुळतो. लंकाबाईनं बोटांवर महिने मोजले. ग्रहणाला लेकीला पाचवा लागलेला.

तेवढ्यात मुक्ताबाई आत आल्या. मागं आबासाहेब, त्यांच्या मागं जावई करण, मोटारीची चावी बोटात फिरवत. आल्या आल्या मुक्ताबाईंनी ठरलेलं सांगून टाकलं. आज सुट्टी घ्यायची. पाचवीची पूजा घरात करायची नाही, गावाला तोंड कसं दाखवायचं? बाळ-बाळंतीण लंकाबाईनं आपल्यासोबत न्यावी.

"तुमचीच लेक, तुमच्याच वळणाची," त्या म्हणाल्या. "कोयत्याच्या घरात कुठलं ग्रहण न् कुठलं सूतक. तिला पाळायची सवयच नाही."

लंकाबाई उठली नाही. आवाजही चढवला नाही. कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढला, नवऱ्यानं, वैजनाथनं शिकवलं होतं तसं बोट सरकवलं आणि फोटो पुढं धरला. पाटावर राजनंदिनी, मांडीवर नारळ, समोर खुर्चीत मुक्ताबाई. खाली लिहिलेलं, 'आमच्या घरचे संस्कार'. त्या दिवशी करणनं तो खिडकीतून काढून स्टेटसला टाकला होता आणि साऱ्या सोयऱ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली होती.

"लेकीचा फोटू म्हनून हिच्या बापानं ठिवून घेतला," लंकाबाई म्हणाली. "इहीनबाई, येवढंच सांगा. त्या दिवशी राखन कुनाची हुती?"

शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीनं कूस बदलली. पलीकडची उठूनच बसली.

"गिरानानं ओठ फाटला आसंल तर राखनदार झोपला म्हनून फाटला. आन् गिरानानं न्हाई फाटला, तर माझी लेक कशापायी भिताडाकडं तोंड करून पडली? सिस्टरनी आत्ता सांगितलं, ओठाचं काम तिसऱ्यातच सपतं. तुमी पाचव्यात कडी लावून बसला. गाडी गेल्यावर फाटक लावलं, आन् वर त्याचा फोटू काडला."

मुक्ताबाईंनी आबासाहेबांकडे पाहिलं. आबासाहेबांना नेमकी तेव्हाच भिंतीवरची लसीकरणाची पाटी वाचावीशी वाटली.

"त्याच म्हैन्यात सोनोग्राफीची तारीख हुती," लंकाबाई म्हणाली. "तवा कळलं आसतं. दूध कसं पाजायचं, आदीच शिकली आसती पोर. का न्हाई नेलं?"

"पितृपक्ष होता," मुक्ताबाई म्हणाल्या.

"व्हय. मेलेल्यांचं समदं पाळलं. जित्याला तीन दिसांपास्नं उपाशी ठिवलं." मग तिनं आपले हात पुढं केले, ओरखड्यांसकट. "आन् कोयत्याचं म्हनाल, तर ही पोटात हुती तवा पहाटंचं गिरान लागलं. आमी फडात हुतो. मुकादम गिरानाची सुट्टी देत न्हाई. वर चांद काळा पडला आन् खाली मी ऊस तोडीत हुते. ही बघा माझी लेक. बोला, कुठं चिरली हाय?"

सगळ्यांचे डोळे राजनंदिनीच्या तोंडावर गेले, आणि ते तोंड आता भिंतीकडे नव्हतं.

"आये," ती म्हणाली, "मला बसव."

सिस्टरनं वाटी आणली. राजनंदिनीनं बाळाला बसतं धरलं. पहिला चमचा नाकातून परत आला. दुसराही. लंकाबाई फक्त मान हलवत राहिली, थांब, घाई नाही. तिसऱ्याला बाळाच्या नरड्याशी काहीतरी इवलंसं खाली सरकलं. चौथ्याला पुन्हा. लंकाबाईच्या ओठांवर ओवी आपसूक आली, फडात येते तशी, दम पुरेल एवढ्याच आवाजात:

*चांदाला गिरान, लोकं कोंडली घरात*
*माझा चांद बाई, दूध पितो पदरात*

करण दारात उभा होता. तो वळला आणि खाली गेला. परत आला तेव्हा हातात पेढ्यांचे पुडे होते. वरचा पुडा त्यानं आईच्या हातात दिला आणि म्हणाला, वाट.

मुक्ताबाईंनी पुड्याचा दोरा सोडला. आंबूस वास खाटांपर्यंत गेला. रेश्मा सिस्टरनं लांबूनच नाकावर हात धरला आणि सांगितलं, यातला कण कुणाच्या तोंडात जाता कामा नये, तीन दिवस बंद डिकीत होते हे.

राजनंदिनीनं वर पाहिलं नाही. ती चमचे मोजत होती, नऊ, दहा. मुक्ताबाई पुडा घेऊन खाटांच्या मधोमध उभ्या होत्या. तो कुठं टाकायचा, हे त्यांना कुणीही सांगितलं नाही.